पाखडाची कुंडी

निलेशभावजींची गाडी रोह्याबाहेरच्या त्या खासगी कॉलेजात शिरली आणि अनिताला आधी दिसली ती हिरवळ. तिच्यावर पाटी होती, 'गवतावर चालू नये'. शेतकी शिकवणार आणि गवताला पाय लावू देणार नाहीत! अनिता मनातल्या मनात हसली.

मागच्या सीटवर तिची लेक सुरभी नखं खात बसली होती. तिला सरकारी कृषी महाविद्यालयात जागा लागली होती. तिथली फी इथल्या फीच्या पासंगालाही पुरणार नाही, इतकी कमी. पण ते लांब, आणि जागा स्वीकारायची मुदत आज पाचला संपत होती. पाच वाजले की जागा दुसऱ्याला.

निलेशभावजी म्हणजे अनिताचे धाकटे दीर, नागोठण्याकडे कंपनीत. शिफ्ट सुटली की गावभर अक्कल वाटत फिरायचे.

"स्वस्तात काय भेटतं वैनी? तिथं पोरांना चिखलात उभं करतात. आपल्या पोरीनं परत चिखलच तुडवायचा काय?"

आणि अनितानं मान डोलावली होती! आपल्या गावी, गागोद्याला, भाताचं बियाणं ती ओल्या गोणपाटात रुजवून बघितल्याशिवाय पेरत नसे. कॉलेज मात्र गुळगुळीत कागदावरचे फोटो बघून घ्यायला निघाली होती. याची आता तिची तिलाच चीड आली.

प्रवेशाच्या टेबलावरच्या मॅडम एसीबद्दल, बसबद्दल, वायफायबद्दल बोलत राहिल्या.

"शेत कुठं हाय?" अनितानं विचारलं.

"जमिनीचं काम सुरू आहे. सध्या कुंड्यांमध्ये प्रात्यक्षिकं घेतो. साहिल सर दाखवतील."

साहिल सर पंचविशीचे, इस्त्रीच्या शर्टातले. इमारतीमागच्या कुंड्यांपैकी एकीकडे बोट दाखवून ते म्हणाले, "ही आमची भाताची सुधारित जात."

अनिता वाकली. वीस पावसाळे तिनं भाताची बेणणी केली होती, तण उपटून उपटून बोटं सोलली होती. तिनं पान सांध्यापासून सोलून बघितलं. भाताला तिथं बारीक पांढरी जीभ असते. याला नव्हती. तिनं रोप मुळासकट उपटलं.

"सर, हे पाखड हाय, भातातलं तण. आम्ही हे बांधावर फेकतो. तुम्ही खत घालून पोसलंय."

"वैनी, सर शिकलेले हायत," निलेशभावजी कानाशी पुटपुटले.

"म्हणूनच विचारते. सर, शिकलात तरी कुठं?"

साहिल सरांचे कान लाल झाले. "इथंच. पहिल्या बॅचला."

"आणि घरी? शेत नाय?"

"भातशेतीच आहे. पण आईनं कधी बेणायला नेलं नाही. पोरगा शिकतोय म्हणायची."

अनिताच्या तोंडावर आलेलं टोचरं बोलणं तिथंच राहिलं. तिनं हातातलं पाखड सुरभीपुढे धरलं.

"तुला आलं असतं गो ओळखता?"

सुरभीनं खाली बघत मान हलवली. नाही.

"किती वाजले?"

"साडेतीन."

"काढ मोबाईल. सरकारी जागा घे. आत्ताच, माझ्यापुढं."

"वैनी, ऐका," निलेशभावजी घाईनं म्हणाले. "तिथं खरंच चिखलात उभं करतात."

"करू देत," अनिता म्हणाली. "मी हिला कधी नाय केलं."