लेफ्साची खुर्ची

पायवाटेच्या तोंडाशी आर्डिस थांबली, काठी मातीत रोवली आणि मागं वळून चौथ्यांदा तेच म्हणाली, "व्हर्लिन, दोर हातातून सोडायचा नाही."

"नाही सोडत."

"खाली ठेवायचा नाही. पायाखाली दाबायचा नाही. कशाला बांधायचा तर मुळीच नाही. हातात धरायचा."

"आर्डिस, एकोणपन्नास वर्षं ट्रॅक्टर चालवलाय मी."

"आणि एकदा तो तळ्यात घातलायस," असं म्हणून ती निघाली. धबधबा दोन मैल खाली होता, यायला पुन्हा दोन मैल. नव्या खुब्यावर तिला तीन तास तरी लागणार होते.

या राष्ट्रीय पार्कचा नियम असा, की कुत्रं रस्त्यावर चालेल, गाडीतळावर चालेल, तंबूपाशी चालेल, पण पायवाटेवर त्याचा पंजा पडता कामा नये. म्हणून इथं येणारी माणसं पाळीपाळीनं पार्क बघतात. एकानं जायचं, दुसऱ्यानं गाडीतळावर कुत्रं धरून बसायचं. सकाळी दहाच्या सुमाराला धबधब्याच्या गाडीतळावर घडीच्या खुर्च्यांची एक रांगच लागलेली असे. बहुतेक नवरे. कुणाच्या मांडीवर पग, कुणाच्या पायाशी पूडल. काही जण तर बारा पार्क हिंडून आले होते आणि बारा गाडीतळांखेरीज त्यांनी काही पाहिलं नव्हतं. कुठल्या गाडीतळाची सावली किती वाजता सरकते, हे मात्र त्यांना तोंडपाठ होतं.

व्हर्लिन टॉलेफसननं त्या रांगेत आपली खुर्ची उघडली. हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांची, अॅल्युमिनियमची, प्लॅस्टिकच्या हातांची. त्यांची चिमुकली कुत्री, लेफ्सा, त्याच्या मांडीवर चढली. लेफ्सा म्हणजे नॉर्वेकडची बटाट्याची पोळी; रंग तसाच, म्हणून हे नाव. पोट भरलेलं आणि अंग ओलं असलं तरी दोन किलो भरत नसे. नॉर्थ डाकोटाच्या वाऱ्यात आर्डिस तिच्या स्वेटरच्या खिशात दोन गोटे घालायची, नाहीतर कुत्री शेजारच्या जिल्ह्यात उतरून घ्यावी लागे. कान एवढे मोठे, की दोन घरं पलीकडं कुणी लोण्याचं झाकण काढलं तर ही दाराशी जाऊन उभी.

पण आर्डिसच्या बाबतीत हसण्यावारी न्यायची सोय नव्हती. गेल्या हिवाळ्यात खुबा मोडल्यावर ती अकरा आठवडे अंथरुणात होती आणि ते अकरा आठवडे ही कुत्री तिच्या पोटावर होती. पुढं डॉक्टर चाल म्हणाले, मुलगी चाल म्हणाली, व्हर्लिन तर हात जोडून चाल म्हणाला, ती चालली नाही. लेफ्सा एक दिवस दोर तोंडात धरून पलंगापाशी आली, त्या दिवशी चालली. आधी दारापर्यंत, मग टपालपेटीपर्यंत, मग चर्चपर्यंत. या कुत्रीचं काही बरंवाईट झालं तर आर्डिस पुन्हा भिंतीकडं तोंड करून निजेल आणि या खेपेला उठायची नाही, हे व्हर्लिनला पक्कं ठाऊक होतं.

"तुझी कितीला येणार?" शेजारच्या खुर्चीतल्या गस बर्डेटनं विचारलं. टेनेसीचा, ढेरपोट्या, पगवाला.

"एकपर्यंत."

"माझी सकाळी सातला गेलीय. या वेगानं ती कॅनडातून पत्र पाठवील."

आता सांगायची ती चूक. व्हर्लिनच्या मुलखातल्या कुठल्याही पुरुषानं तीच केली असती.

गाडीतळावर एक तरुण जोडपं भाड्यानं घेतलेलं ट्रेलर-घर घेऊन आलं आणि तो पोरगा ते मागं घ्यायला लागला. चाक उलट्या बाजूला. ट्रेलर चाललं खांबाकडं, गाडी चालली कुंपणाकडं. बायको बाहेर उभी राहून दोन्ही हातांनी दोन वेगळ्या दिशा दाखवत होती. आता ट्रेलर मागं घेणारा माणूस दिसला आणि बाकीचे पुरुष बसून राहिले, असं त्या देशात आजवर झालेलं नाही. प्रेत असतं तरी उठलं असतं. रांगेतले सगळे उठले, "डावीकडं काप! डावीकडं! तुझ्या डावीकडं!" असं ओरडत निघाले, आणि जाता जाता ज्यानं त्यानं आपलं कुत्रं जवळ जे मिळेल त्याला अडकवलं. गसनं पग गाडीच्या हुकाला अडकवला. व्हर्लिननं दोराचा फास खुर्चीच्या हाताभोवती टाकला. एकच मिनिट, असं म्हणून.

ट्रेलर लागलं. पोरग्यानं आभार म्हणून भोंगा वाजवला.

लेफ्सानं खुर्चीवरून उडी मारली. दोर ताणला. खुर्ची आडवी होऊन तिच्या मागं डांबरावर खणकन आपटली. लेफ्सा दचकून पळाली. खुर्ची तिच्या मागं आली. ती जोरात पळाली, खुर्ची जोरात आली. एक हिरवापांढरा राक्षस दात वाजवत आपल्या पाठीस लागलाय, याबद्दल लेफ्साच्या मनात तिळमात्र शंका उरली नाही.

"धरा! धरा तिला!" व्हर्लिन ओरडला. गस आडवा पडला, तो खुर्ची त्याच्या पाठीवरून उडून गेली. बघता बघता दोघी रस्ता ओलांडून पलीकडच्या कुरणात उतरल्या.

कुरणात बायसनचा कळप होता. ऑगस्टचा महिना. माजावरचे दिवस. माद्या पलीकडं चरत होत्या आणि अलीकडं एकटा एक नर धुळीत लोळून उठत होता. गाडीएवढं अंग, आणि डोकं एवढं, की बाकीचा बायसन त्याला मागाहून जोडल्यासारखा. सकाळपासून त्यानं दोन नरांना हाकललं होतं आणि तिसरा शोधत होता.

त्याच्यापासून बारा पावलांवर खुर्ची झुडपात अडकली. लेफ्साला हिसका बसला, कोलांटी बसली. ती उठली, खुर्चीकडं पाहिलं, बायसनकडं पाहिलं, आणि दोघांतला बायसन निवडून त्याच्यावर भुंकायला लागली.

व्हर्लिन कुरणाच्या काठापर्यंत पोचला तेव्हा मागून कुणी तरी त्याचा पट्टा धरला. रेंजर होती. मारिसोल किंताना, असं छातीवर लिहिलेलं. बुटकी, पण पकड सांडशीसारखी.

"सर, एक पाऊलही पुढं नाही."

"माझी कुत्री आहे ती."

"दिसतंय मला. पंचवीस यार्डांच्या आत गेलात तर तुम्हाला गोळा करायला मला फावडं आणावं लागेल."

"माझ्या बायकोची कुत्री आहे."

रेंजरनं वळणाकडं पाहिलं. मग हळू म्हणाली, "माझी गाडी वळणापलीकडं आहे. आणते. ती गप्प बसली तर तो कदाचित निघून जाईल. हलू नका."

ती धावली. लेफ्सा गप्प बसली नाही. बायसननं मान खाली घातली आणि सावकाश, एकेक पाऊल टाकत, फुसफुसत पुढं आला. श्वासानं धूळ उडत होती. त्याचं नाक लेफ्साएवढं होतं. त्यानं खुर्ची हुंगली. पट्ट्यांत शिंग घातलं आणि मान उचलली.

खुर्ची वर गेली. दोर वर गेला. दोराच्या टोकाला पोटपट्ट्यात अडकलेली लेफ्सा वर गेली आणि चर्चच्या घंटेसारखी डावी-उजवीकडं झुलायला लागली. आता मात्र तिचं भुंकणं थांबलं. गाडीतळावर कुणी तरी किंचाळलं. बायसननं रागानं डोकं झाडलं, एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा खुर्चीचा हात काडकन तुटला आणि लेफ्सा हाताच्या तुकड्यासकट खाली पडली.

ती उठली. एक क्षण व्हर्लिनला वाटलं, येतेय. पण तिनं जवळची सावली गाठली. ती बायसनच्या पोटाखाली जाऊन बसली. चार पायांच्या मधोमध, बरोबर मध्ये.

रेंजरची गाडी अजून दिसत नव्हती. बायसननं पाऊल कुठंही टाकलं असतं, मागं, पुढं, नुसतं अंग खाजवायला बसला असता, तरी संपलं होतं.

व्हर्लिन कुरणात उतरला.

"व्हर्लिन, लेका, वेडा झालास काय? ये मागं!" गस दबक्या आवाजात ओरडला.

व्हर्लिनच्या वडिलांकडं एक वळू होता, त्यानं दोन गडी आणि एक पाद्री कुंपणावर चढवले होते. त्या वळूनं व्हर्लिनला एवढं शिकवलं होतं, की अशा जनावराकडं कधी सरळ जायचं नाही. आपलं काम दुसरीकडंच आहे, असं दाखवायचं. म्हणून तो तिरका चालला. हात मागं बांधून, जमिनीकडं बघत, पीक पाहायला निघालेल्या माणसासारखा. पन्नास यार्ड. चाळीस. छातीत एवढं धडधडत होतं, की तो आवाज बायसनला ऐकू जाईल अशी त्याला भीती वाटली.

"गहू बरा दिसतोय यंदा," तो पुटपुटला. आवाज स्वतःचाच वाटेना. "पाऊस पडला तर बरं होईल. लेफ्सा, तू तिथंच बस. बेस बसलीयस. तिथंच बस."

तीस. पंचवीस. वीस.

बायसननं त्याच्याकडं वळून पाहिलं. खुर्ची एका डोळ्यावर कललेली, दुसरा डोळा लाल. त्याची शेपटी हळूहळू वर उठली आणि पंपाच्या दांड्यासारखी वाकून उभी राहिली. शेपटी उठली की पुढं काय होतं, हे पार्कच्या दारात मिळणाऱ्या कागदावर चित्रासकट छापलेलं होतं. व्हर्लिननं ते चित्र सकाळीच आर्डिसला मोठ्या फुशारकीनं समजावून सांगितलं होतं.

पळावं, असं त्याच्या पायांना वाटलं. पण पायांचंही वय सत्तर होतं. ते वळायच्या आत मोडले आणि व्हर्लिन आहे तिथं मटकन खाली बसला, मांडी घालून, धुळीत.

व्हर्लिन खाली बसला, म्हणजे मांडी झाली. मांडी झाली, म्हणजे ती लेफ्साची. जगातल्या कुठल्याही गोष्टीबद्दल त्या कुत्रीचं मत एवढं पक्कं नव्हतं. ती बायसनच्या पुढच्या दोन पायांमधून बाहेर आली, खुर्चीचा तुटका हात मागं ओढत, मध्ये दोनदा थांबून त्या हाताकडं रागानं बघत, वीस पावलं चालून आली, व्हर्लिनच्या मांडीत चढली आणि वेटोळं करून बसली.

व्हर्लिननं दोन्ही हात तिच्यावर ठेवले. तो हलला नाही. श्वासही त्यानं उसना घेतल्यासारखा घेतला.

बायसन एक पाऊल पुढं आला. आणखी एक. तेवढ्यात खुर्ची घसरून त्याच्या दुसऱ्या डोळ्यावर आली आणि त्याला एकदम हिरवे-पांढरे पट्टे दिसायला लागले. तो थबकला. डोकं झाडलं. खुर्ची उघडली. पुन्हा झाडलं, मिटली. मग ती कोण आहे ते बघायला तो स्वतःभोवती तीन वेळा फिरला, पण ती प्रत्येक वेळी त्याच्या आधी वळत होती. शेवटी त्याची शेपटी खाली आली. जरा विचार केल्यासारखा तो उभा राहिला आणि खुर्ची डोक्यावर घेऊन कळपाकडं चालू लागला. माद्यांनी बिशपला द्यावी तशी दोन्ही बाजूंनी वाट दिली.

रेंजरची गाडी हळूच येऊन मध्ये उभी राहिली. "गाडीत," ती म्हणाली. "बोलू नका. माझ्याशी आत्ता अजिबात बोलू नका."

गाडीतळावर आल्यावर तिनं दंडाचा पिवळा कागद काढला आणि लिहायला लागली. कुत्रं मोकळं सोडलं, एक. वन्य जनावराच्या जवळ गेले, दोन. तिसऱ्याशी तिची पेन्सिल अडली. "जनावराला खुर्ची दिली, याला आमच्याकडं कलम नाही," ती म्हणाली. हसणार होती, पण हसली नाही. "सर, मी माणसं उचलून नेली आहेत त्या कुरणातून. कळलं?"

"कळलं, बाई."

ती जाते न जाते तोच पायवाटेवर काठीचा आवाज आला. आर्डिस तासभर लवकर आली होती. कपाळावर घाम, गाल लाल, लग्नानंतर इतकी ताजी ती कधी दिसली नव्हती. आली ती थेट लेफ्साजवळ. व्हर्लिन उभा होता. कुत्री त्याच्या सदऱ्याच्या आत होती, फक्त कान बाहेर.

"खुर्ची कुठंय?" आर्डिसनं विचारलं.

"माझ्यामुळं मोडली, बाई," गस पुढं सरला. "माझं हे असं शरीर. बसलो आणि गेली. कचऱ्यात टाकून आलो."

रांगेतल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. खोटं एवढं सरळ आणि तयार होतं, की व्हर्लिन नुसता गप्प बसला असता तरी भागलं असतं.

"बायसननं नेली," व्हर्लिन म्हणाला. "मी दोर खुर्चीला बांधला होता."

आर्डिसनं कुरणाकडं पाहिलं. लांब, कळपाच्या मध्ये, काहीतरी हिरवंपांढरं उन्हात चमकत होतं. मग तिनं सदऱ्यात हात घातला, लेफ्साच्या छातीवर ठेवला आणि बराच वेळ तसाच राहू दिला. आतलं काळीज शिवणाच्या यंत्रासारखं चाललं होतं. तिथून हात काढून तिनं व्हर्लिनच्या छातीवर ठेवला. तिथंही तेच.

तिनं कुत्री सदऱ्यातून काढून घेतली, पायांतले काटे एकेक करून उपटले, पाणी पाजलं. पाऊण तास गेला. गसनं आपली खुर्ची पुढं सारली, ती कुणीच घेतली नाही. दोर आर्डिसच्या मनगटाला तीन वेढे घेऊन होता.

शेवटी ती उठली. "मला संडासला जायचंय," ती म्हणाली. "चार मैल धरून ठेवलंय."

तिनं गसकडं पाहिलं. गसनं लगेच हात पुढं केला. तिनं रांगेकडं पाहिलं, तिथंही चार हात पुढं झाले. व्हर्लिननं हात पुढं केला नाही. तो बुटांकडं बघत होता.

आर्डिसनं त्याचा हात धरून उघडला, त्यात दोराचा फास ठेवला आणि त्याची बोटं एकेक करून मिटवली. अंगठा शेवटी.

"दोन मिनिटं," ती म्हणाली.

"हो."

"व्हर्लिन."

"हातात आहे," तो म्हणाला.

संडासाच्या दारापर्यंत तिनं तीनदा मागं वळून पाहिलं. तिन्ही वेळा तो तसाच उभा होता, दोन्ही मुठी छातीशी.