अर्ध्या इंचाचा उतार

कापसाला भाव नसला की घाटंजीत कुणी घर बांधायला काढत नाही, आणि घरच नाही तर गवंडी कशाला? तीन वर्षं हाफिजची थापी कोरडी होती. अशात यवतमाळ रस्त्यावर हॉटेल उभं राहणार असं कळलं. उभं कसलं, ट्रेलरवरून येणार! पलंग, आरसा, न्हाणीतल्या टाइल्ससकट एकेक खोली कारखान्यात तयार; इथे क्रेननं उचलायची आणि ओट्यावर ठेवायची. हाफिजच्या वाट्याला आले ते फक्त ओटे. पहिला जमला, तर उरलेल्या अठरा खोल्यांचे ओटेही त्याचेच, असा इंजिनिअर रोशनचा शब्द होता.

पहिली खोली टेकली, बोल्ट बसले. आणि खोलीचं दार आपोआप आत उघडलं. रोशननं लावलं. ते पुन्हा उघडलं.

"कारखान्यानंच वाकडी पाठवली," रोशन भडकला. "परत धाडतो. बनवणाऱ्याची नोकरीच जाते आता."

हाफिजनं खाली वाकून ओट्याकडे पाहिलं. नकाशात ओटा सपाट होता. पण पाण्याला वाट दिल्याशिवाय थापी धुऊ नये, ही अब्बांची शिकवण. शिकलेली माणसं पाणी विसरली असतील, म्हणून त्यानं मागच्या बाजूला गुपचूप अर्धा इंच उतार दिला होता. भलेपणा नडला तो असा.

गप्प बसलं तर अठरा ओटे हातात होते. पण मघाशी त्यानं न्हाणीतले टाइल्सचे सांधे बोटानं चाचपले होते. कुणीतरी जीव लावून बसवलेल्या होत्या त्या.

"साहेब, खोली सरळ हाये. ओटाच म्या उतरता केला."

"काहून?"

"मले वाटलं, तुमी पानी इसरले."

रोशननं न्हाणीतल्या मोरीकडे बोट दाखवलं. "चाचा, पाणी वाहून जायची सोय कारखान्यातच करून खोली येते." मग क्रेननं खोली उचलून मागच्या कोपऱ्यांखाली लोखंडी पट्ट्या सरकवल्या. दार जागच्या जागी राहिलं.

"ओटे आता नागपूरची माणसं करतील," रोशन खाली बघत म्हणाला.

हाफिजनं मान हलवली, थापी धुऊन पिशवीत टाकली. त्याला रडू येत होतं आणि ते कुणाला दिसायला नको होतं. तो फाटकाशी पोचला, तोच मागून हाक आली.

"चाचा, अंगणाले उतार कोण देईल? ते काही ट्रेलरवर येत नाही."

हाफिज थबकला. आयुष्यभर तो न सांगता उतार देत आला होता. मागितला मात्र आज पहिल्यांदाच कुणीतरी.