खवट करंज्या

...बोटांत धरून दाबली तरी फुटत नाही ही, नुसती दबते — पिवळी, चकचकीत, आतलं तेल या टोकाकडून त्या टोकाकडे सरकतं — सलीमानं कॅप्सूल खिडकीच्या उजेडात धरली, दुसऱ्या हातात पिन, आणि टोचायचं सोडून ती बघतच राहिली. परातीत भाजलेलं सुकं खोबरं गार होत होतं. टोचायची, पिळायची, थेंब सारणात, टरफल बाहेर; टरफल कशाचं असतं कोण जाणे, ते पोटात नको. एवढंसं काम. मागच्या वर्षी किती हुशारीनं केलं होतं.

हुशारी खरी अलीशबाची, पुतणीची. ती कॉलेजात सायन्सला. कुवेतहून आलेल्या बिस्किटांच्या डब्यावरची बारीक अक्षरं वाचून तिनं सांगितलं होतं की चाची, यात ई व्हिटॅमिन आहे, पायांत गोळे येतात म्हणून डॉक्टर तुम्हाला देतात ना, तेच. तेलातुपात घातलं की खवटपणा लवकर येत नाही. हवा तेलाला बिघडवते, तर हे तेलाच्या आधी पुढे होतं, स्वतः बिघडतं आणि तेलाला वाचवतं. सलीमाला त्यातलं ‘वाचवतं’ तेवढं ऐकू आलं. कारण दर वर्षी करंज्यांचा डबा महाडहून निघायचा तो कुणी जाणारा मिळेपर्यंत मुंबईला नणंदेच्या कपाटावर पडून राहायचा, मग विमान, मग कुवेतला नवऱ्याची, जुल्फिकारची ती खोली... तोवर खोबऱ्याचं काय होत असेल हे काय तिला कळत नव्हतं? लाज वाटायची. तो मात्र फोनवर कधी नावं ठेवत नसे. डबा पोचला, घरची चव आली — वर्षानुवर्षं एवढंच. बिचारा गोड मानून घेतो, असं ती समजत आली होती.

मग थेंब घातलेल्या करंज्या गेल्या आणि फोन आला.

“ह्या तू केलेल्या नाय,” तो म्हणाला.

“मीच केल्या. दुसरं कोन करनार?”

“मग तो वास कुठं गेला?”

कुठला वास, हे तिला विचारावं लागलं नाही.

लग्नाची मेंदी उतरायच्या आत गेलेला माणूस. सुट्टीवर आला की घरात मासे, मटण, पाहुण्यांची रीघ. करंज्या म्हणजे पाठवायची वस्तू, त्या घरात बसून कोण खातो? तिच्या हातची ताजी करंजी त्यानं कधी खाल्लीच नव्हती. माझ्या हाताची चव म्हणून तो इतकी वर्षं जे खात होता ते खवट खोबरं... आणि तेच त्याला आवडत होतं. मग ताजं खोबरं आवडेल का त्याला? मी आवडेन का?

उद्या तो यायचा होता. तिथलं काम संपलं होतं. राहायचं की पुन्हा दुसरीकडे जायचं ते घरी आल्यावर बघू, म्हणाला होता. त्यानं जाऊ नये. बाकी सगळ्यात गोंधळ असला तरी एवढं तिला स्वच्छ हवं होतं — त्यानं आता जाऊ नये. आणि त्याच्यासाठी ताटलीत काय ठेवायचं तेच ठरेना.

कारण फळीवर करंज्यांचा जुना डबाही होता. दोन वर्षांपूर्वीचा. पोलादपूरचा मुदस्सर तो नेणार होता, पण त्याची बॅग आधीच जड झाली आणि डबा मुंबईहून परत आला. तिनं टाकला नव्हता. का टाकला नव्हता, विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

हीच कॅप्सूल रात्री तोंडाला चोळ, शेजारची रिझवाना म्हणाली होती, सुरकुत्या येत नाहीत. सलीमानं आठवडाभर चोरून चोळली. आरशात बघायची आणि स्वतःलाच हसायची — आता काय टिकवतेस बाई? आधी बिघडायचं आणि दुसऱ्याला वाचवायचं... या घरात ते कोणी केलं? त्यानं, तिथल्या उन्हात? की मी, इथं? आणि दोघांनी केलं असेल तर मग वाचलं काय?

पिन खाली ठेवून तिनं फळीवरचा डबा काढला. झाकण उघडताच तो वास आला, घशाशी बसणारा. तिनं एक करंजी मोडून तोंडात टाकली. थुंकावीशी वाटली, थुंकली नाही. तिनं कधी न पाहिलेली ती खोली दिसली — खाट, पंखा, खाटेवर पाय दुमडून बसलेला तो, सावकाश चावणारा. गोड मानून घेत नव्हता तो. चवीनं खात होता. आणि त्या चवीत त्याच्यासमोर तिच्याच नावाची कुणी बाई होती, जिला सलीमा ओळखत नव्हती.

“चाची, थेंब घातले का?” अलीशबानं बाहेरून विचारलं.

कॅप्सूल ओट्यावर तशीच होती. तोंडातला घास गिळून सलीमानं दुसरी करंजी उचलली. ती पहिलीइतकी खवट लागली नाही, आणि याचीच तिला भीती वाटली.