गुडघ्याचं गाऱ्हाणं

परशुरामाने नारळाची शेंडी देवाकडे केली, विडा नीट ठेवला आणि हात जोडले. मागे तोंडवलीची पंधरा-वीस माणसं उभी होती. सगळ्यांत पुढे तुळसाकाकी आणि तिच्या शेजारी, खांबाला टेकून, तिचा मुलगा बाबली. त्याच्या डाव्या गुडघ्याला पट्टी होती.

"घाल रे परशा गाऱ्हाणा," काकी म्हणाली. "ढोपर बरा जाव दे. मे म्हयन्यात मिलचो डॉक्टर परत बघतलो. बरा झाला तर खेळतलो, नायतर टीमीतसून नाव काढून टाकतले."

गावाला हे ठाऊकच होतं. नऊ वर्षं बाबलीचं नाव परळच्या एका मिलच्या साचाखात्याच्या हजेरीपटावर होतं आणि काम फुटबॉलच्या मैदानावर. पेपरात त्याचं नाव आलं की मास्तर ते दुकानाच्या पायरीवर मोठ्याने वाचत, आणि परशुरामाला नेमकं तेव्हाच घरचं काहीतरी काम आठवे.

बावन्न साली मिलचा माणूस इथल्या वाळूत सामना बघायला आला होता. त्या दिवशी परशुरामाचे गोल दोन, बाबलीचा एक. पण त्या माणसाला पसंत पडला बाबलीचा डावा पाय. परशुराम शेती बघत घरी राहिला. बाप गेल्यावर गावाच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालायचा मान त्याच्याकडे आला, पण तो बापाचा. त्याचं स्वतःचं म्हणावं असं एकच होतं, गावची टीम. रोज ओहोटीच्या वाळूत पोरं त्याच्या शब्दावर धावत, आणि मसुऱ्याच्या टीमला त्यांनी दोनदा हरवलं होतं. तरी हेवा काही गेला नाही. परवा बाबली मालवणच्या स्टँडवर लंगडत उतरला तेव्हा त्याला बरं वाटलं. मग लाज वाटली, आणि लाज वाटूनही बरं वाटायचं थांबलं नाही.

"बा देवा म्हाराजा! आज ह्यो तुळसाचो झील बाबली तुझ्या पायाकडे इलो आसा..."

"व्हय म्हाराजा!"

"तेच्या घरादाराची राखण कर. गोठ्यातली गुरां, परड्यातले माड सुखात ठेव..."

"व्हय म्हाराजा!"

"काय चुकला-माकला आसात ता पदरात घे, आणि ह्या लेकराचो सांभाळ कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

नारळ फुटला. गुरं आली, माड आले. गुडघ्याचं नाव परशुरामाने मुद्दाम घेतलं नव्हतं. ते कुणाच्या लक्षात आलंय असं दिसलं नाही. काकी तर डोळे मिटून मान डोलावत होती. लोक खोबऱ्याचा प्रसाद घेऊन आपापल्या घरी गेले, आणि परशुराम बाहेर येऊन पायरीवर बसला. बाबली लंगडत येऊन त्याच्या शेजारी टेकला.

"ढोपराचा नाव घेतलंस नाय."

"चुकान ऱ्हवला."

"चुकान नाय. तुका कळला." बाबलीने त्याचा हात धरला. "आवशीक सांगूक जमणा नाय, पण माका परत जावचा नाय रे, परशा. सुई टोचून घेवची आणि खेळाचा, परत सुई टोचून घेवची आणि खेळाचा. नऊ वर्सांत एकान इचारूक नाय, दुखता काय म्हणान. तू एकट्यान वळाखलंस."

खरं सांगायची हिंमत परशुरामाला झाली नाही, आणि बाबलीचा हात आपल्या हातात आहे हे त्याला आवडलंही.

"आता हयच ऱ्हवतलंय," बाबली मोकळा होऊन बोलू लागला. "धावाक नाय जमला तरी शिकवूक येता. काल बघलंय आपल्या पोरांका. पायात जोर आसा, पण शिकवणारो कोण नाय. मुंबयचो खेळ शिकवतलंय तेंका. तू आससच माझ्यावांगडा. शिटी वाजव, बॉल सांभाळ."

दुखवायचा त्याचा मुळीच हेतू नव्हता. तेच परशुरामाला जास्त लागलं.

"पोरां काय म्हणतत?" त्याने विचारलं.

"सगळी काल घराकडे इली हुती. उद्यापासून येतंव म्हणतत."

परशुरामाने हात सोडवून घेतला आणि तो उठून आत गेला. काकी देवापुढची जागा पुसत होती.

"काकी, आणखी एक नारळ दी. गाऱ्हाणा परत घालूक व्हया."

"कित्याक रे?"

"ढोपर ऱ्हवला."

काकीने घाईघाईने पिशवीतला नारळ काढून दिला. परशुराम देवापुढे उभा राहिला.

"बा देवा म्हाराजा! बाबलीचा ढोपर बरा कर! मे म्हयन्याच्या आत बरा कर! पयलो जोर तेच्या पायात दी, तेका मुंबयक परत धाड, आणखी धा वर्सां थयच खेळव रे म्हाराजा!"

त्याचा आवाज चिरकला, डोळ्यांतून पाणी आलं. आजवर कुणासाठी त्याने देवाकडे इतकं मनापासून मागितलं नव्हतं. बाबली दाराशी येऊन थांबला होता. उत्तर द्यायला देवळात काकी एकटीच होती. तिने पदराने डोळे पुसले आणि सगळ्या गावाच्या वाटचं, मोठ्याने म्हटलं,

"व्हय म्हाराजा!"