माळ्यावरचा आंबेमोहोर

गिरगावातल्या धैर्यवानांच्या वाडीत तिन्हीसांज झाली की भाताचा वास सुटे. साध्यासुध्या भाताचा नव्हे, आंबेमोहोराचा! रेशनचा जाडाभरडा तांदूळ निवडून बायकांचे डोळे दुखत होते, अशा दिवसांत हा घमघमाट यावा कुठून? नाकं वर करून शोध घेता घेता वाडी शेवटच्या खोलीपाशी येऊन थांबली.

त्या खोलीत राधाबाई राहत. नवरा दत्ताराम गिरणीत होता, तो दोन वर्षांपूर्वी छातीच्या दुखण्यानं गेला. मूलबाळ नव्हतं. घरोघरचे मसाले कुटून देऊन बाई पोट भरत. त्यांच्या चुलीवर आंबेमोहोर शिजणं शक्यच नव्हतं, आणि चूल विझलेली असली तरी वास यायचाच. तो यायचा खोलीवरच्या बंद माळ्यातून.

झालं, वाडीला भूत मिळालं. माळ्यावर पावलं वाजतात असं एकीनं सांगितलं, की दुसरीलाही ती वाजलेली आठवायची. बाबुराव म्हणून एक भाडेकरू होते. पेन्शनीत निघाल्यापासून वाडीचा कारभार पाहणं हाच त्यांचा उद्योग. राधाबाई रोज संध्याकाळी माळ्याच्या झरोक्यात एक केळं ठेवतात आणि हात जोडतात, हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. सकाळी केळं गायब! याला करणी नाही म्हणायचं तर काय म्हणायचं, असा त्यांचा सवाल होता.

वाडीचे मालक श्यामकांत धैर्यवान. आजोबांच्या मिळकतीतली ही एवढी एकच वाडी उरलेली. स्वतः ते एका विलायती कंपनीत हेडक्लार्क होते. शिकलेसवरलेले गृहस्थ, भुताखेतांवर त्यांचा विश्वास नव्हता, निदान दिवसाउजेडी तरी नव्हता. त्यांचा खरा जीव होता मुलांसाठी रानातल्या प्राण्यांच्या गोष्टी लिहिण्यात. एका मासिकात त्या नेमानं छापून येत. बर्फावरचं पांढरं अस्वल, पोटाच्या पिशवीत पिल्लू बाळगणारा कांगारू, आफ्रिकेतला सिंह, सगळे त्यांच्या लेखणीच्या ओळखीचे. येत्या एक मेला मुंबईसह महाराष्ट्र राज्य होणार होतं. त्यासाठी चार-पाच वर्षं घोषणा देऊन घसे बसवून घेतलेली वाडी आता कमानी नि आकाशकंदील करण्यात दंग होती. मासिकाचाही खास अंक निघायचा होता, आणि श्यामकांत त्यासाठी पेंग्विनची गोष्ट रंगवत बसले होते.

अशात त्यांची आठ वर्षांची कालिंदी तापली. संध्याकाळी चेंडू आणायला ती मागच्या जिन्यावर गेली आणि किंचाळतच परत आली. माळ्याच्या झरोक्यात एक काळं तोंड होतं, त्याचे डोळे लखलखत होते, एवढंच तिनं कसंबसं सांगितलं. उजाडेपर्यंत अंगात सणसणून ताप. डॉक्टर म्हणाले, घसा सुजला आहे, औषधानं उतरेल. पण डॉक्टरांचं कोण ऐकतो? बाबुराव चार भाडेकरूंना घेऊन दारात हजर झाले. बाई राहणार असेल तर आम्ही राहत नाही, असं त्यांनी बजावलं. श्यामकांतांच्या पत्नी लीलाबाई डोळे पुसत म्हणाल्या, की सगळं खोटंही असेल, पण पोर आपली आहे. आडनावात धैर्य असून काय उपयोग! श्यामकांत खाली मान घालून शेवटच्या खोलीपाशी गेले आणि महिनाअखेर खोली रिकामी करा म्हणून सांगून आले.

राधाबाई रडल्या नाहीत की भांडल्या नाहीत. मी जाऊ कुठे, एवढंच त्यांनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी कालिंदीला बघायला दादरहून दुर्गाआत्या आल्या. श्यामकांतांची ही आत्या मुलींच्या शाळेत शिकवून निवृत्त झालेली. सगळी हकिकत त्यांनी ऐकून घेतली, मग नातीच्या उशाशी बसून विचारलं, त्या भुताला शेपूट होती का?

"होती. लांब, काळी."

"भुताला शेपूट असते का गं?"

कालिंदीनं विचार केला. "नसते बहुतेक."

"मग एवढी घाबरलीस कशाला?"

"ते कोण होतं, ते मला माहीतच नव्हतं ना!"

आत्या उठल्या त्या थेट मागच्या जिन्यावर. झरोक्याशी कान लावून त्यांनी आतली बारीक कुईकुई ऐकली. परतल्या तेव्हा त्यांच्या हातातल्या कागदावर मातीसारखं काहीतरी होतं आणि त्यात चिकूच्या बिया होत्या. तो कागद त्यांनी श्यामकांतांच्या टेबलावर, पेंग्विनच्या शेजारी ठेवला.

"ही तुझ्या भुताची विष्ठा. उदमांजर आहे ते, श्यामू. कोकणात कांडेचोर म्हणतात. त्याच्या अंगालाच आंबेमोहोराच्या भातासारखा वास असतो. दिवसभर माळ्यावर झोपतं आणि दिवेलागणीला फळं खायला बाहेर पडतं. आपल्या वाड्या झाल्या त्याच्या आधीपासून ते इथल्या झाडांवर राहतंय. त्याची गोष्ट कधी लिहिलीस?"

श्यामकांत म्हणू लागले, की अशा क्षुद्र जनावराची गोष्ट मुलांना आवडत नाही. आत्यांनी त्यांना पुरतं बोलू दिलं नाही.

"तुझ्या मुलीला पेंग्विन अंडं कुठे उबवतो ते ठाऊक आहे. डोक्यावरच्या माळ्यात कोण बाळंत झालंय, ते ठाऊक नाही. मुंबईसाठी भांडलात, मिळवलीत, चांगलं केलंत. पण मुंबईत राहतं कोण, हे पोरांना कधी सांगितलंस? त्याला नाव नव्हतं म्हणून त्याचं भूत झालं. आणि भूत झालं की त्याला कुणीतरी मालकीण लागते. ती दरवेळी एकटी बाईच कशी सापडते रे तुम्हांला?"

श्यामकांतांना स्वतःची लाज वाटली, अगदी मनापासून वाटली.

त्या संध्याकाळी आत्यांनी सगळ्या वाडीला अंगणात गप्प बसवलं. कालिंदीचा ताप उतरला होता. ती शाल गुंडाळून आत्यांच्या मांडीवर होती. राधाबाई आपल्या दाराशी उभ्या होत्या. दिवे लागले, वास दरवळला आणि झरोक्यातून एक काळं, टोकदार तोंड बाहेर आलं. मग लांबलचक अंग, त्याहून लांब शेपूट, आणि मागोमाग लुटूलुटू दोन पिल्लं! आईनं आधी झरोक्यातलं केळं पिल्लांना खाऊ घातलं, आणि तिघं कौलांच्या कडेनं चिकूच्या झाडावर गेली.

"अय्या, भुताला बाळं आहेत!" कालिंदी म्हणाली, आणि सारी वाडी खदखदून हसली. कितीतरी दिवसांनी छातीवरचा धोंडा उतरला होता. बाबुराव तेवढे टोपी काढून पुन्हा पुन्हा झटकत राहिले.

राधाबाई मात्र हसल्या नाहीत. शेवटच्या दुखण्यात त्यांच्या नवऱ्याला घास उतरत नव्हता, उपाशीच गेले ते, असं त्या हळूहळू सांगू लागल्या. वास यायला लागला तेव्हा त्यांना वाटलं, तेच आलेत, भूक लागली म्हणून. बाईंना भात परवडत नव्हता, म्हणून त्या केळं ठेवत.

"म्हणजे ते उपाशी नाहीत," त्या म्हणाल्या, आणि उंबऱ्यावर बसून पहिल्यांदाच मोकळेपणी रडल्या. लीलाबाई त्यांच्याजवळ जाऊन बसल्या.

श्यामकांत सगळ्यांदेखत पुढे आले. "राधाबाई, खोली तुमचीच आहे. मी घाबरलो आणि तुमच्यावर अन्याय केला. मला माफ करा."

खास अंकात पेंग्विन आला नाही. एक मेच्या संध्याकाळी कमानीखाली बसून कालिंदीनं वाडीला उदमांजराची छापील गोष्ट वाचून दाखवली. ऐकायला पहिल्या सतरंजीवर राधाबाई होत्या, आणि अधूनमधून बाबुरावच पोरांना शांत बसायला सांगत होते.

वाचकहो, आपल्या मुलांना जगातले प्राणी जरूर दाखवा, पण सुरुवात आपल्या कौलांपासून करा. ज्याची ओळख नाही त्याची भीती वाटते, आणि त्या भीतीची किंमत नेहमी कुणीतरी दुबळं माणूस मोजतं. ही ओळख करून देणं काही अवघड नाही.

राधाबाई अजूनही रोज झरोक्यात केळं ठेवतात. पिल्लं दोन आहेत म्हणून हल्ली श्यामकांत आणखी एक आणून देतात.