अर्धी ओढलेली झडप

चुन्याच्या भट्टीवर बावीस वर्षं काढलेल्या मिस्त्रीला कुणी काही शिकवायला गेलं की तो नुसता हसायचा. "ज्वाळेचा रंग बघून सांगतो आत काय शिजतंय ते," हे त्याचं पालुपद.

आणि त्याच्याच भट्टीतून कच्चा माल निघाला. चुनकळी, म्हणजे भाजून निघालेला चुना, पाण्यात पडली की खदखदून फुटायला हवी. इथे वरचं साल सुटे आणि आत चुनखडी जशीच्या तशी. मालक भडकला. सगळे कामगार गोळा झालेले. मिस्त्री बोलून गेला, "दगड मोठे भरलेत. आच पोचणार कशी?"

दगड फोडून भरायचं काम त्याच्या साडूचं. मालकानं त्याला तिथल्या तिथे घरी बसवलं. जाताना साडू म्हणाला, "दादा, मुठीएवढेच दगड होते. तुम्ही रोज बघत होता की." मिस्त्री हातातलं फडकं झटकत राहिला.

भरायला नवा माणूस आला, दगड आणखी बारीक झाले, तरी माल कच्चाच. शेवटी मालकानं चुना तपासणाऱ्या प्रयोगशाळेतल्या बाईंना बोलावलं. त्यांनी एकाच दगडाचे तुकडे दोन लोखंडी भांड्यांत घातले. एक उघडं, दुसऱ्याला पेचाचं घट्ट झाकण. दोन्ही एकाच आचेवर, सारखाच वेळ. उघड्यातला तुकडा पाण्यात टाकताच वाफ काढत फुटला. झाकलेल्यातला ठोकळ्यासारखा तळाशी बसला.

"दगड तापला की त्यातून वायू सुटतो," बाई म्हणाल्या. "तो निघून गेला तर मागे चुना उरतो. कोंडला तर पुन्हा चुन्यात शिरून त्याचा दगड करतो. जितका सुटतो तितकाच परत जायला लागला की संपलं. त्याच आचेवर दिवसभर ठेवा, काम पुढे सरकत नाही."

"पण भट्टीला कुठे झाकण आहे?" मालकानं विचारलं.

मिस्त्रीची नजर धुराड्याकडे गेली. उष्णता वाया जाऊ नये म्हणून धुराड्याची झडप त्यानंच अर्धी ओढून ठेवली होती. कुणाला न विचारता, न सांगता.

त्या दिवशी त्यानं गुपचूप झडप उघडली. पुढचा माल फुलासारखा निघाला. "शेवटी तुमचाच हात लागावा लागतो!" मालकानं पाठ थोपटली. ती थाप मिस्त्रीला चटका बसल्यासारखी लागली. घरी बायकोनं सहज म्हटलं, "बहिणीचा फोन नाही आला बऱ्याच दिवसांत," आणि त्यानं ताट बाजूला सारलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं मालकाला सगळं सांगितलं. मालकानं एकदा धुराड्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "जा, घेऊन या त्याला."

साडू अंगणात सायकलची साखळी बसवत होता. त्यानं ऐकून घेतलं. "मालकाला सांगितलंत?"

"सांगितलं."

"एकट्यालाच?"

"हो."

"मला काढलं ते सगळ्यांदेखत."

सकाळी पाळी बदलताना मिस्त्री भट्टीच्या पायरीवर उभा राहिला. आवाज चिरकला, पण एक शब्द गाळला नाही. "दगड बरोबर होते. चूक माझी होती, आणि खापर मी त्याच्यावर फोडलं." कुणीतरी मागून खोकलं. मग एकेक जण कामाला लागला.

हे साडूच्या कानावर गेलं आणि चार दिवसांनी तो कामावर आला. जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन तो पार पलीकडच्या भिंतीशी जाऊन बसला. मिस्त्रीनं हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. एवढ्यात निवळणारं नव्हतं ते, आणि घाई करायचा हक्क आपल्याला नाही, हे त्याला पुरतं कळत होतं.