पान सत्तावीस

देवू तामोरेच्या पत्राला मी सहा वर्षं उत्तर दिलं नाही. पत्र वहीच्या कागदावरचं, चार ओळींचं.

‘सर, मी मुरब्याचा. बोईसरला गॅरेजात वायरिंग करतो. तुमच्या पुस्तकात पान सत्तावीसवर लिहिलंय तसं केलं आणि साहेबांच्या नव्या गाडीचा अल्टरनेटर जळाला. मिस्त्रीने काढून टाकलं. दुसरे कोणी घेत नाहीत. पुस्तक चुकलं का माझा हात चुकला, तेवढं कळवा.’

पुस्तक म्हणजे ‘मोटारीची वीज’, पानं अठ्ठेचाळीस. मी पालघरला शाळेत विज्ञान शिकवत असे. १९७६ साली संध्याकाळच्या कारागीर वर्गासाठी ते लिहिलं. तोवर मी कधी पाना हातात धरला नव्हता. एक म्हातारा मिस्त्री सांगत गेला आणि मी ते शुद्ध मराठीत उतरवत गेलो. पान सत्तावीस असं: ‘इंजिन चालू ठेवून बॅटरीची एक तार काढावी. इंजिन चालू राहिल्यास डायनमो ठीक समजावा.’

डायनमोच्या गाड्यांत ते खपून जायचं. मग डायनमोच्या जागी अल्टरनेटर असलेल्या गाड्या आल्या. त्यांत चालू इंजिनावर बॅटरी सोडवली, की विजेचा दाब एकदम चढतो आणि आतले डायोड जळतात. हे मला देवूचं पत्र आल्यावर, मुंबईहून पुस्तक मागवून कळलं.

म्हणजे त्याचा हात चुकला नव्हता. एवढंच तर कळवायचं होतं. मी खर्डे केले. ‘सदर पद्धत कालबाह्य झाली असावी.’ ‘अनवधानाने चूक राहून गेली.’ मराठीत चूक होते, राहते, घडते. करणारा वाक्याच्या बाहेर उभा राहू शकतो. ती सोय मला फार चांगली जमते. खर्डा पुन्हा वाचला की लाज वाटे आणि मी तो फाडून टाकी. पुढे वाटू लागलं, आता लिहायचं तर उशिराचाही खुलासा करावा लागेल. घराजवळची टपालपेटी चुकवून मी लांबच्या गल्लीने बाजारात जाऊ लागलो.

गेल्या मंगळवारी नवा चष्मा करायला बोईसरला निघालो. शेअर जीपमध्ये मागच्या बाकावर अगदी आतला कोपरा मिळाला. समोर मुरब्याची राहीबाई, मासळी विकून परत निघालेली. तिच्या रिकाम्या पाट्या माझ्या गुडघ्यांवर टेकल्या होत्या. उतरायची वाट दुसऱ्या टोकाला, मध्ये पाच माणसं.

उमरोळी ओलांडली आणि जीप बंद पडली. सेल्फ मारला तर नुसतं टक्. दोघा-तिघांनी उतारावर ढकलली तेव्हा चालू झाली. ड्रायव्हर झिपरूने ती तशीच चालू ठेवली आणि उतरून बॉनेट उघडलं.

“म्हैना नाय झाला, डायनमो काढून अल्टरनेटर बसवलाय,” तो बाहेरून ओरडला. “बॅटरी मेली का ह्योच करंट देत नाय, आत्ता कळंल. वायर काढतो. इंजिन चालू रायलं तर अल्टरनेटर चांगला!”

बॉनेटखालच्या फटीतून मला फक्त त्याचे हात दिसत होते. एका हातात पाना.

मी उठायला गेलो. पाट्यांनी परत बसवलं. ‘कृपया तसे करू नये’ असं काहीतरी घशापर्यंत आलं आणि तिथेच राहिलं.

“काय ओ मास्तर?” राहीबाई म्हणाली. “काटा अडकला काय घशात?”

पाना नटावर बसला. नट फिरू लागला.

“काढू नको!” मी ओरडलो. “झिपरू, वायर काढू नको!”

हात थांबले. झिपरू मागच्या बाजूला आला. “का ओ?”

“अल्टरनेटर जळेल.”

“असा कसा जळंल? पुस्तकात लिवलंय. माज्या मिस्त्रीनं त्यातूनच शिकिवलं.”

“पुस्तक चुकीचं आहे.”

“तुमाला काय म्हाईत? तुमचं काय गॅरेज हाय?”

सगळी जीप माझ्याकडे बघत होती. कुठे जायला जागा नव्हती.

“ते पुस्तक मी लिहिलंय,” मी म्हणालो. “मी चुकलो.”

मग राहीबाई खदखदून हसली. “अगं बाय! लिवणारा मागं नि वाचणारा फुडं. आमी मदी मरतो!”

“मंग करू काय?” झिपरूने विचारलं.

“इंजिन बंद कर. उतार आहे, पुन्हा ढकलू. आधी फॅनबेल्ट दाबून बघ.”

त्याने इंजिन बंद केलं आणि बेल्ट अंगठ्याने दाबला. बेल्ट चांगला दीड इंच आत गेला. अल्टरनेटरचा बोल्ट सैल होऊन तो आत सरकला होता. त्याला फिरवणारा बेल्ट नुसता घसरत होता, बॅटरी भरणार कुठून? झिपरूने अल्टरनेटर ओढून धरला, बोल्ट आवळला. पुन्हा ढकलाढकली. पालघरपासून स्टिअरिंगपुढे मिणमिणणारा चार्जिंगचा लाल दिवा विझला.

“बोईसरला मीटर लावून घे,” मी म्हटलं. “चालू इंजिनावर चौदाच्या आसपास व्होल्ट आले की झालं.”

“जळला असता तर मालकानं मला जाळला असता,” झिपरू म्हणाला आणि गाडी काढली.

राहीबाईचं हसू थांबलं होतं. “आमच्या आळीतल्या देवूचं असंच झालं. तामोऱ्यांचा देवू. गाडी जळली म्हणून हाकलला. आता दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी जातो. परवा बोटीची बॅटरी बसली. सगळी बोलली, देवू, बघ. तर हात काखेत घालून बसला. बोलतो, माजा हात वाईट हाय.”

मी पाट्यांकडे बघत राहिलो.

“वळखता त्याला?”

“त्याचं पत्र आलं होतं.”

“मंग? तुमी काय लिवलंत?”

मी नकारार्थी मान हलवली.

“सांगू त्याला, मास्तर भेटले म्हणून?”

“नको. मी लिहितो.”

“लिवा,” ती म्हणाली. “वाचता येतं त्याला. तेच तर नडलं.”

बोईसरला उतरून चष्मेवाल्याकडे न जाता पोस्टात गेलो. अंतर्देशीय पत्र घेतलं आणि फळीवर, दोरीला बांधलेल्या पेनाने उभ्यानेच लिहिलं.

‘श्री. देवू तामोरे यांस, पान सत्तावीस मी चुकीचं लिहिलं. तुमचा हात चुकला नाही. हे पत्र तुमच्या मिस्त्रीला, गॅरेजवाल्यांना, कुणालाही दाखवा. बोटीची बॅटरी तुम्हीच बघा. उत्तराला उशीर झाला.’

‘झाला’ खोडून ‘केला’ लिहिलं. खाली सही केली, माझा पालघरचा पत्ता घातला, कडा चिकटवल्या आणि पत्र पेटीत टाकलं.